रॉक बँडमधल्या लोकांना गाणी सुचतात कशी, आणि नोकरी-संसार सांभाळून बँड चालतो कसा?

रोजची सुखं कोणती आणि नोकरी सोडू का, हेही तुम्ही विचारलंय, ते शेवटी घेतो. बाकी तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. गाणी कशी सुचतात, बँड फुटत का नाही, आणि एरवी आम्ही लोक दिवसभर करतो काय. शेवटचं आधी सांगून टाकतो कारण ते सोपं आहे. मी सकाळी कंपनीची बस पकडतो, भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवतात तिथे, क्वालिटीला आहे, दिवसभर पत्र्याचे पार्ट गेजला लावून बघायचे, रिजेक्शनवरून प्रॉडक्शनवाल्यांशी भांडायचं आणि संध्याकाळी घरी. बँडमध्ये बेस वाजवतो, म्हणजे जाड तारांचं, खालच्या सुरांचं गिटार. शॉपमध्ये निम्म्या लोकांना बेस म्हणजे काय हे माहीत नाही, एकाने तर मनापासून विचारलं की डीजे लावतोस का.

आता सुचण्याचं. लोकांना वाटतं कुठेतरी डोंगरावर बसून सूर्यास्त बघताना चाल येते. आमचा गिटारिस्ट व्हॉइस मेमो पाठवतो, ते बहुतेक पार्किंगमध्ये नाहीतर बाथरूममध्ये तोंडाने गुणगुणलेले असतात आणि त्यात अर्ध्या वेळेला मागे कुणाचा तरी रिव्हर्स हॉर्न असतो. त्यातले बरेचसे टाकाऊ. जे उरतात ते घेऊन जॅमरूममध्ये, म्हणजे तालमीच्या खोलीत जायचं, जॅमरूम तासावर भाड्याने असते, म्हणजे घड्याळ चालू असतं आणि पुढची बँड बाहेर पायऱ्यांवर गिटारच्या बॅगा घेऊन आपल्याकडे रागाने बघत बसलेली असते. माझं सरळ मत आहे की आम्हाला जे काही चांगलं सुचलं ते अशा अडचणीतच सुचलं. एकदा लोणावळ्याला बंगला घेऊन 'फक्त गाणी लिहायला' म्हणून गेलो होतो, तिथे भजी उत्तम झाली, गाणं एकही नाही.

अडचण म्हणजे कसली, तर साधी. गायकाला वरचा सूर लागत नाही म्हणून सगळ्यांनी ट्यूनिंग अर्धा सूर खाली घ्यायचं, तारा ढिल्या झाल्या की तीच रिफ (गाण्यात परत परत येणारा गिटारचा तुकडा) एकदम जड वाजायला लागते, मग ड्रमर आपोआप सावकाश जातो, मग मला मधे जागा मिळते, आणि गाणं भलतंच होऊन बसतं. हे कुणीच ठरवलेलं नसतं. हे सगळं ऐकून कुणी विचारलं की चाल कुणाची तर काय सांगणार.

ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमी तुम्हाला माहीत असेल. मी पत्र्यातच काम करतो म्हणून त्याची गोष्ट मला जास्त लागते. १९६५ साली बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात, वय सतरा, आणि नोकरीचा शेवटचा दिवस, तर मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. गिटार संपलं असं त्याने धरलंच होतं, तेव्हा कारखान्याच्या मॅनेजरने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली, ज्याची डाव्या हाताची दोन बोटं १९२८च्या आगीत निकामी झाली होती आणि तरी तो जॅझमधल्या सगळ्यात मोठ्या गिटारिस्टांपैकी एक झाला. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, तारा बारीक लावल्या, सुरुवातीला तर चक्क बँजोच्या लावल्या, आणि पुढे १९७१च्या अल्बममध्ये काही गाण्यांना गिटार तीन सेमीटोन, म्हणजे तीन अर्धे सूर, खाली उतरवली म्हणजे तारेचा ताण कमी होऊन बोटांना त्रास कमी. त्या खाली उतरवलेल्या जाड आवाजावर पुढे अख्खं हेवी मेटल उभं राहिलं. (आमच्याकडे आता प्रेसला दोन हातांची बटणं आणि लाइट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) असतात ते ह्याच साठी, तरी लोक शॉर्टकट मारतात. असो.)

मराठीत गायला लागलो तेव्हा आमची खरी मजा सुरू झाली. कॉलेजला सगळे कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, वाजवायचे तसे आम्हीही, इंग्रजी गाणी, उच्चार पण तसेच तोंड वाकडं करून. मराठीत आलो तर शब्द बसेनात. इंग्रजीत जोर एका अक्षरावर येतो आणि तो स्नेअर ड्रमच्या ठोक्यावर धाडकन बसतो, मराठीत सगळी अक्षरं जवळपास सारख्याच वजनाने चालतात, जोर कुठे द्यायचा हे गाणाऱ्यानेच ठरवायचं. पण फायदा असा की आपले किती शब्द स्वरावर संपतात बघा, आला गेला पाणी वारा माती, शेवटचा स्वर कितीही ओढा, कितीही ओरडा, तोंड उघडंच राहतं. कोरसला ह्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

मग आमच्या गायकाने अभंग आणला. वडील वारकरी, घरात हरिपाठ चालायचा, त्यामुळे ते सगळं त्याच्या कानात होतंच. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा सहा अक्षरं आणि चौथ्यात चार. आता हे फोर-फोरमध्ये, म्हणजे चार ठोक्यांच्या तालात टाकून बघा. एका बारमध्ये, म्हणजे एका आवर्तनात, आठ अर्धे ठोके धरले तर सहा अक्षरं बसून दोन मोकळे राहतात, असं तीनदा, आणि चौथ्या बारला चारच अक्षरं म्हणजे अर्धा बार मोकळा. तो अर्धा बार ड्रमरच्या फिलसाठीच, म्हणजे मधली जागा भरणाऱ्या तुकड्यासाठीच सोडल्यासारखा आहे. आम्ही हे पहिल्यांदा वाजवलं तेव्हा ड्रमर वाजवता वाजवता हसायला लागला. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी टाळ-मृदंगासाठी सोडलेली जागा डबल किकला, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायच्या मोठ्या ड्रमला पण पुरते, यापेक्षा जास्त काय सांगू. शब्द मात्र आम्ही आमचेच लिहितो, आमची ती छाती नाही, आणि त्यात बसचा पास आणि सोसायटीचा मेन्टेनन्स वगैरे येतो.

बँड फुटतो कशावरून, तर लोकांना वाटतं कलेवरून मतभेद. छे. आवाजावरून आणि पैशावरून. आवाज म्हणजे ज्याचा अँप (गिटारचा आवाज वाढवणारा डबा) मोठा त्याचं मत मोठं. गिटार वाढली की ड्रमर जोरात मारतो, मग गायकाला स्वतःचंच ऐकू येत नाही, मग तो मॉनिटर (स्वतःचं ऐकायचा स्पीकर) वाढवायला सांगतो, मग फीडबॅकची शिट्टी, मग भांडण. आम्ही सगळे आता कानात प्लग घालतो. ८५ डेसिबलला आठ तास चालतं असं सेफ्टीवाले म्हणतात आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १००ला फक्त पंधरा मिनिटं, आणि जॅमरूममध्ये १०० सहज होतात. हे मला बँडमुळे नाही, कंपनीच्या ट्रेनिंगमुळे कळलं. प्लग घातल्यापासून भांडणं पण कमी झाली, का ते विचारू नका.

पैशाचं आम्ही सुरुवातीलाच ठरवलं, गाणं कुणीही आणलेलं असो, नावं चौघांची आणि वाटा चौघांचा सारखा. आरईएम या अमेरिकन बँडने पहिल्यापासून हेच केलं, क्वीन या ब्रिटिश बँडने १९८९पासून केलं, क्वीनमध्ये त्याआधी ज्याने लिहिलं त्याचंच नाव असायचं आणि सिंगलच्या, म्हणजे एका गाण्याच्या छोट्या रेकॉर्डच्या, मागच्या बाजूला कुणाचं गाणं जाणार ह्यावरून वाद व्हायचे कारण रेकॉर्ड विकली की त्याचेही पैसे तेवढेच. आमच्या बाबतीत वाटायला फारसं काही नसतं ते वेगळं. स्पॉटिफायवर २०२४पासून वर्षात हजार वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याचे पैसेच मिळत नाहीत. आमची काही गाणी त्या रेषेच्या वर आहेत, काही खाली, आणि वरच्यांचे पैसे एका मिसळीच्या आसपास. जे मिळतं ते गल्ल्यात, गल्ल्यातून जॅमरूमचं भाडं आणि टेम्पो. हिशोब मी ठेवतो, एक्सेलमध्ये, कारण क्वालिटीवाला.

गिगचं, म्हणजे कार्यक्रमांचं म्हणाल तर आधीच्या पिढीने जास्त सोसलंय. माझा मामेभाऊ मुंबईला धोबीतलावच्या रंगभवनात आय-रॉकला (इंडिपेंडन्स रॉक) जायचा, १९८६ला सुरू झालेला तो फेस्टिव्हल, उघड्यावर, चिखलात, आणि त्याच्या तोंडून रॉक मशीन या बँडच्या गिटारिस्ट महेश तिनईकरचं नाव ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की असं आडनाव असलेला माणूस असं गिटार वाजवू शकतो. त्याआधी मला वाटायचं ह्याला किमान डिसोझा असावं लागतं. पुढे रंगभवन शांतता क्षेत्रात आलं, शेजारी हॉस्पिटल, कॉलेज, आणि ते बंद पडलं. आम्हाला २०१०मध्ये एनएच-सेव्हन वीकेंडर हा संगीत फेस्टिव्हल पुण्यातच सुरू झाल्यामुळे निदान मोठं स्टेज कसं दिसतं ते घराजवळ बघायला मिळालं. आणि रात्री दहाला लाउडस्पीकर बंद हा २०००चा नियम आहे त्यामुळे उघड्यावरचा रॉक शो आता संध्याकाळच्या आरतीच्या वेळेला सुरू होतो. मला चालतं. सकाळी बस असते.

रोजच्या सुखांचं तुम्ही विचारलंत ते मला आवडलं. माझं सगळ्यात आवडतं सुख म्हणजे तारा उकळणं. बेसच्या चांगल्या तारांचा सेट काही हजारांत जातो, गिटारच्या कितीतरी पट, म्हणून जुन्या झाल्या की काढायच्या, गुंडाळायच्या, पातेल्यात पाणी आणि थोडं व्हिनेगर घालून उकळायच्या, बोटांचा सगळा मळ आणि तेल निघतं, पाणी चहाच्या रंगाचं होतं. पुसून, पूर्ण वाळवून परत लावल्या की चारपाच दिवस नव्यासारख्या खणखणतात. पातेलं वेगळं ठेवलंय, घरी तशी अट आहे. बायको पाहुण्यांना सांगते, ह्यांनी आज शेवया केल्यात.

दुसरं सुख शेजाऱ्यांचं. बेसची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते, त्या आवाजाची एक लाट आठ मीटरहून लांब असते, तिला आपली सहा इंची भिंत म्हणजे काहीच नाही. अँप अगदी हळू ठेवला तरी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या मांडणीतल्या वाट्या वाजतात. त्या वर येतात, तक्रार करतात, चहा घेऊन जातात. आणि तीच तार मोबाइलच्या स्पीकरमधून अजिबात ऐकू येत नाही, एवढासा स्पीकर, खाली जाऊच शकत नाही. त्यामुळे आई आमचं प्रत्येक नवीन गाणं फोनवर लावते आणि विचारते, छान आहे रे, पण ह्यात तू कुठे आहेस?

आणि खाणं. रिहर्सल संपली की आम्ही चौघं डेक्कनला गुडलकमध्ये बन मस्का आणि चहा, तिथे गाण्यावर कोणी बोलायचं नाही असा नियम आहे. मुंबईचा गिग असला की परतीला एक्स्प्रेसवेवर खालापूरला थांबायचं, वडापाव, ड्रमर झोपलेला, गिटारिस्ट सांगतोय त्याने कुठे काय वाजवलं आणि कोणीच ऐकत नाहीये. खरं सांगू, स्टेजवरचे ते चाळीस मिनिट कसे जातात ते मला नंतर धड आठवत पण नाही, हे मात्र सगळं आठवतं.

राहिलं ते, नोकरी सोडू का असं तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंय. मी तर सोडली नाही आणि सोडावीशी वाटत पण नाही, शॉपमधल्या दोनशे टनी प्रेसचा ठोका आमच्या दोन गाण्यांत आहे, तो मला घरी बसून ऐकू आला नसता. पण आमच्या ड्रमरला विचारलंत तर तो लगेच म्हणेल सोडा. त्याने सोडली, दिवसा मुलांना ड्रम शिकवतो, मजेत आहे. फक्त त्याला ईएमआय नाहीये, तेवढं त्याला विचारताना लक्षात ठेवा.