बोटं गेली, क्लेम नाकारला, आता अपील कुठे?

प्रश्न : मिस्टर भोसरीला एका छोट्या शेडमधे पॉवर प्रेसवर कामाला होते, सगळी मिळून सात माणसं. मार्च २०२५ मधे प्रेसमधे सापडून उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेली, तेव्हा वय ३०. पगार १८ हजार, थोडा कॅश थोडा फोनवर. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं, मग २५ हजार देऊन स्टॅम्प पेपरवर सही घेतली की यापुढे काही मागणार नाही. आता आम्ही उदगीरकडे गावी आलोय. इन्शुरन्सवाल्यांचं पत्र आलं की यांचं नाव पगारपत्रकात नाही, क्लेम नामंजूर. मालक म्हणतो मशीनचं सेफ्टी गार्ड तुम्हीच काढलं होतं, चूक तुमची. अपील कुठे करायचं आणि किती दिवसात?

उत्तर : ताई, अपील राहू द्या, तुमचा दावाच अजून कुठे लागलेला नाही! तुम्हाला "नाही" कोण म्हणालं, तर मालक आणि विमा कंपनी, म्हणजे ज्यांच्या खिशातून पैसे जायचेत तेच दोघं. त्यांच्या पत्राला कोर्टाच्या निकालाची किंमत नसते, पण लेटरहेड आणि शिक्का बघून माणूस घाबरतो आणि वर्ष तसंच जातं, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता राग येतो. निकाल द्यायचा अधिकार १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखालच्या आयुक्तांचा, आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी लेबर कोर्टाचे जज्जच ते काम बघतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय, पण तुमचा अपघात त्याआधीचा, म्हणून हक्क जुन्या कायद्याने मोजायचा. मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे मार्च २०२७. उशिराचं सबळ कारण असलं तर माफी मिळते, पण त्या भरवशावर राहू नका. आणि दाव्यासाठी पुण्याला खेटे घालायची गरज नाही, तुम्ही राहता त्या भागातल्या आयुक्तांकडे लावता येतो.

आता स्टॅम्प पेपर. नुकसानभरपाईचा हक्क सोडला असं लिहून घेतलेला करार या कायद्यात रद्दच धरला जातो, कलम १७. नोटरी केलेला असला तरी.

गार्डचं जरा नीट समजून घ्या, कारण मालकाचा वकील सगळा जोर तिथेच लावणार. कामगाराने मुद्दाम, जाणूनबुजून सुरक्षेचं साधन काढलं तर मालक सुटू शकतो, हे खरं. (मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर तीही पळवाट नाही.) पण "मुद्दाम" हे मालकाने सिद्ध करायचंय, तुम्ही नाही, आणि नुसता निष्काळजीपणा म्हणजे मुद्दाम नव्हे. प्रेसवर काम केलेल्या कुणालाही विचारा, गार्ड लावलं की पीस कमी निघतात, म्हणून ते काढून कोपऱ्यात ठेवलेलं असतं आणि सुपरवायझर रोज त्याच्या शेजारून जातो. ते गार्ड किती महिन्यांपासून निघालेलं होतं, दुसऱ्या प्रेसला गार्ड होतं का, काढायला कोणी सांगितलं, हे मिस्टरांकडून आत्ताच एका कागदावर तारखेसकट लिहून घ्या, उलटतपासणीत दोन वर्षांपूर्वीचं आठवत नाही.

पगारपत्रकात नाव नाही तर नोकरी सिद्ध कशी करायची? फोनवर आलेले पैसे हा सगळ्यात मोठा पुरावा, तेव्हा बँकेतून त्या काळाचं स्टेटमेंट काढा. मालकाचे व्हॉट्सॅपवरचे "उद्या लवकर ये" असले मेसेज जपा, फोन बदलू नका. दिवसाचे पीस लिहायची छोटी वही असेल तर सोन्यासारखी ठेवा. दवाखान्यातले केसपेपरही बघा, दाखल करताना "मशीनमधे हात सापडला" असं लिहिलेलं असतं आणि सोबत कोण आलं त्याचं नावही. शिवाय मालकाने बिल भरलं, २५ हजार दिले, सही घेतली, मग कामगार नव्हता तर कशासाठी? तोच स्टॅम्प पेपर आता तुमच्या कामाचा, कॉपी नसेल तर कोर्टातून हजर करायला लावता येते.

आकडा किती? पगार १८ हजार असला तरी कायदा १५ हजारच धरतो. त्याचे ६० टक्के ९ हजार, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला ३० वयाचा गुणक २०७.९८, झाले १८,७१,८२०. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या परिशिष्टात २० टक्के, म्हणजे ३,७४,३६४ रुपये. हा आकडा मी कमीतकमी धरतो. प्रेस ऑपरेटरला उजव्या हाताने पकडच येत नसेल तर कमाईची ताकद जास्त गेलीय असं डॉक्टरच्या साक्षीने मांडता येतं. सुप्रीम कोर्टाने १९७५ मधे डावा हात गेलेल्या एका सुताराला पूर्ण निकामी धरलं होतं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. वर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण टाळाटाळ केली असेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड, तो दंड विमा कंपनी नाही, मालक भरतो.

दाव्यात मालक आणि विमा कंपनी दोघांनाही पार्टी करा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कारखान्यातल्या कामगाराला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो.

अपीलाचा खरा अर्थ इथून पुढे. आयुक्तांनी दावा फेटाळला तर ६० दिवसांत हायकोर्ट, पण तिथे कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा लागतो, "आमच्या साक्षीदारावर विश्वास ठेवायला हवा होता" एवढ्यावर चालत नाही. म्हणून वही, स्टेटमेंट, केसपेपर सगळं खालीच दाखल व्हायला हवं.

प्रश्न : मी सोलापूरकडचा, सूतगिरणीत आहे, पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जातो. रात्रपाळीला जाताना बाइक घसरून पाय मोडला. ईएसआयवाले म्हणतात हा रस्त्यावरचा अपघात, कामावरचा नाही.

उत्तर : दादा, ईएसआय कायद्यात १ जून २०१० पासून कलम ५१-ई होतं (२१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा नव्या संहितेत गेलाय), घरून कामावर जाता-येतानाचा अपघात कामावरचाच धरायचा, फक्त वेळ, जागा आणि काम यांचा मेळ लागला पाहिजे. नाकारल्याचं लेखी घ्या आणि ईएसआय कोर्टात जा, मुदत तीन वर्षं. (अपघात मान्य करून मेडिकल बोर्डाने अपंगत्वाचे टक्के कमी दिले असते तर वाट वेगळी, मेडिकल अपील ट्रिब्युनलची.)

वकिलाला सुप्रीम कोर्टाचा जुलै २०२५ चा निकाल दाखवा. धाराशिवकडच्या साखर कारखान्याचा वॉचमन २००३ मधे पहाटे ३ च्या ड्युटीला मोटरसायकलवर निघाला आणि कारखाना साधारण पाच किलोमीटर उरला असताना अपघातात गेला. खाली भरपाई मिळाली, हायकोर्टाने काढून घेतली, सुप्रीम कोर्टाने परत दिली. बावीस वर्षं लागली त्या घरच्यांना.

तुमच्याकडे त्या आठवड्याचं शिफ्टचं वेळापत्रक आहे का? नसेल तर टाइम ऑफिसमधून आजच फोटो काढून आणा, आणि अपघाताची वेळ पोलिसांच्या कागदावर नीट लिहिलीय का तेही बघा. पाळी रात्री ११ ची आणि कागदावर ८ पडले असतील तर वेळेचा मेळ तिथेच बिघडतो.