घरामागे मंगल कार्यालय येतंय, महापालिका आमची हरकत ऐकून घेते का?

जुळे सोलापुरात तुमच्या मागच्या प्लॉटवर पाया खोदलाय आणि सुनावणी कधी आहे असं तुम्ही विचारताय. सुनावणी नसते. त्या झोनमध्ये मंगल कार्यालय बसत असेल तर परवानगी देताना शेजाऱ्याला विचारायची तरतूदच नाही. हरकती मागवतात त्या विकास आराखडा बदलताना, म्हणजे झोन किंवा आरक्षण बदलायचं असेल तेव्हा. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याचं कलम ३७, राजपत्रात नोटीस, एक महिन्याची मुदत. ती नोटीस कुणी वाचत नाही. मग मुदत उलटल्यावर सह्यांचं निवेदन घेऊन इंद्रभुवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्य इमारतीत, फोटो काढायला सगळे हजर! इथल्या समित्यांना माझं बोलणं झोंबतं, पण निवेदनाला आवक क्रमांक मिळतो, त्यापुढे काही नाही.

फाईल बघा. नगररचना विभागात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी १० रुपये, मजकूर १५० शब्दांच्या आत, विषय एकच. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असं मोघम लिहिलंत तर मोघम उत्तर येईल. मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, कार्यालयीन टिपणी, मूळ मंजूर लेआउट आणि अग्निशमनचा दाखला, असं नाव घेऊन मागा. आधी फाईलची पाहणी मागितलीत तर झेरॉक्सचा खर्च वाचतो. ‘त्रयस्थ पक्षाची माहिती’ म्हणून नाकारतील. तीस दिवसांच्या आत पहिलं अपील करा, २० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून.

नकाशा हातात आला की सगळ्यात आधी रस्ता बघा. २०२० च्या युडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, प्लॉटवर काय चालेल, किती उंच जाता येईल, एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) किती मिळेल, हे बरंचसं समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. नकाशात १२ मीटर लिहिलेलं असतं आणि टेप लावली की कंपाउंड ते कंपाउंड जेमतेम नऊ भरतात. लगेच उड्या मारू नका. मंजूर लेआउटमध्ये १२ असतील तर रस्ता १२ चाच धरतात, आणि मधले तीन मीटर बहुधा तुमच्याच गल्लीतल्या ओट्यांनी, जिन्यांनी आणि तुळशी वृंदावनांनी खाल्लेले असतात. ते मोजमाप तक्रारीत घातलंत तर पहिली नोटीस तुमच्या दारावर लागेल. लेआउटमध्येच नऊ असून नकाशावर १२ दाखवले असतील, तर मात्र मुद्दा पक्का. दिशाभूल करून घेतलेली परवानगी रद्द करायचा अधिकार आयुक्तांना महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २५८ ने आहे.

दुसरी जागा पार्किंगची. मंजुरीला तळमजला पूर्ण पार्किंग, आणि उद्घाटनाच्या दिवशी तिथेच पंगती. बाजूच्या मोकळ्या अंतरात भटारखान्याचं पत्र्याचं शेड आणि जनरेटर, म्हणजे अग्निशमनची गाडी आत येणारच नाही. हे बांधकाम चालू असताना दिसत नाही, म्हणून मंजूर नकाशाची प्रत जपून ठेवा आणि भोगवटा प्रमाणपत्राआधी, म्हणजे इमारत वापरायला परवानगी मिळायच्या आत, लेखी कळवा.

वेळेचं महत्त्व इथे आहे. एमआरटीपीच्या कलम ५१ खाली परवानगी मागे घेता येते, पण काम बरंच पुढे गेल्यावर नाही. तुमचा पाया खोदलाय, म्हणजे जोता (पायावरचा चौथरा) व्हायच्या आत हलायला हवं. अनधिकृत भागाला त्याच कायद्याच्या कलम ५३ ची, म्हणजे पाडून टाकायची, नोटीस निघाली म्हणून पेढे वाटू नका. नोटीस मिळाल्यावर मालक नियमित करून घ्यायचा अर्ज टाकतो आणि तो निकाली निघेपर्यंत पाडकाम थांबतं. त्या अर्जाचं काय झालं, यासाठी वेगळा माहिती अधिकार टाका.

आणि एक, सगळं नियमात असेल तर कार्यालय होणारच. मग उरतो आवाज. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री दहानंतर उघड्यावर डीजे बंद. त्यासाठी पोलिसांचा ११२ लावायचा, पालिका नाही. दिवाणी कोर्टात मनाईसाठी जायचं असेल तर वकिलाला आधी एमआरटीपीचं कलम १४९ दाखवा, या कायद्याखालच्या आदेशांना दाव्यात आव्हान देता येत नाही असं ते सांगतं, आणि तिथेच बरेच दावे अडकतात. हायकोर्टात रिट याचिका करायची झाली तर मुंबई गाठायची गरज नाही. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्हा हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे.