औंढ्यातून पहिल्या गॅलेक्सी दिसतील का?

प्रश्न: सर, औंढा नागनाथ आमच्याजवळच आहे, तिथं लायगो होतंय. मग सगळ्यात आधी तयार झालेल्या गॅलेक्सी तिथून दिसतील का? नाही तर त्या बघतात कशा, अन इतक्या जुन्या आहेत याची खात्री कशी करतात? मी बीएस्सी सेकंड इयरला आहे, मला यातच जायचंय.
– एक विद्यार्थिनी, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर: बेटा, तिथून नाही दिसणार. लायगो ही वेधशाळा उजेड बघतच नाही. दूर कुठंतरी दोन ब्लॅकहोल एकमेकांत मिसळले की अवकाशच किंचित ताणतं-आकसतं, ते चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये लेझर सोडून मोजायचं, हे तिचं काम. पहिल्या गॅलेक्सींसाठी जेम्स वेब दुर्बीण, 2021 च्या डिसेंबरात सोडली, आपल्यापासून 15 लाख किलोमीटरवर आहे.

आता खात्रीचं, हे नीट समजून घे, खरी मजा इथंच आहे. उजेड तिथून निघाल्यापासून विश्व प्रसरण पावतंय, त्याबरोबर उजेडाची लाटपण ताणत गेली. हायड्रोजनची 121.6 नॅनोमीटरची एक ठरलेली रेघ असते, त्याहून आखूड लाटा वाटेतला हायड्रोजनच गिळून टाकतो. मॉम-झेड14 नावाच्या गॅलेक्सीत ही हद्द 15 पटीहून जास्त ताणून 1.9 मायक्रॉनजवळ (म्हणजे 1900 नॅनोमीटर) गेलीय, म्हणजे वेगवेगळ्या फिल्टरचे फोटो शेजारी लावले तर लांब लाटांच्या फोटोत बारका ठिपका दिसतो अन आखूड लाटांच्या फोटोत त्याच जागी नुसतं काळं. असे फोटो मी कितीदा बघितले तरी अंगावर काटा येतो. पण फोटोवरच विश्वास ठेवायचा नाही, जवळची धुळकट गॅलेक्सीपण अशीच दिसू शकते. एकीचा रेडशिफ्ट (लाट किती ताणली त्याचं माप, जितकं जास्त तितका उजेड जुना) आधी 16 वाटला होता, स्पेक्ट्रम (उजेड लाटांच्या लांबीप्रमाणे फोडून काढलेला पट्टा) घेतला तर 4.9 निघाला!

मॉम-झेड14 मात्र स्पेक्ट्रममध्येही टिकली. बिग बँगनंतर साधारण 28 कोटी वर्षांनी दिसते तशी ती, अन विश्वाचं वय 1380 कोटी. शंभर दिवसांचं सोयाबीन धर, पेरल्यावर दुसऱ्याच दिवशी शेंगा दिसाव्यात तसं झालं हे. एवढ्या लवकर इतक्या तेजस्वी गॅलेक्सी असतील असं आधीच्या मॉडेलमध्ये नव्हतं. तारे थांबून-थांबून पण जोरात तयार होत असतील, धूळ कमी असेल, किंवा वायूचे तारे होण्याचं प्रमाणच तेव्हा जास्त असेल, यावर अजून वाद चालूय. मला पहिलं कारण जास्त पटतं.

आणि हे काम फक्त परदेशातच होतं असं समजू नको, पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या संशोधकांनी वेबच्याच डेटातून अलकनंदा नावाची सर्पिल गॅलेक्सी शोधली, बिग बँगनंतर दीडेक अब्ज वर्षांतली. तेवढ्या काळात अशा व्यवस्थित भुजा तयार होतील असं वाटत नव्हतं.

वेबचा डेटा जास्तीत जास्त वर्षभरानं सगळ्यांना खुला होतो, फुकट. तेव्हा मॅथ्स पक्कं कर, पायथन शिकायला आजच बस, अन एका गॅलेक्सीचे तीन-चार फिल्टरचे फोटो डाउनलोड करून शेजारी लाव. ठिपका कोणत्या फोटोत गायब होतो ते मला लिहून कळव.