एच-इंडेक्स ९ असलेल्या मॅडम

प्रश्न: माझी मुलगी बडोद्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय सेल बायॉलॉजी, म्हणजे पेशीविज्ञान. पुढे पीएच.डी. करायची आहे. मी ११ गाइडचे पेपर, सायटेशन (इतरांनी ते किती वेळा उद्धृत केले) आणि त्यावरून निघणारा एच-इंडेक्स शोधून तक्ता केलाय. पहिल्या नंबरवरच्या सरांचा एच-इंडेक्स ३४ आहे, फक्त निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. मुलगी मात्र एका तरुण मॅडमच्या लॅबचा हट्ट धरून बसलीय. त्यांचा एच-इंडेक्स जेमतेम ९. सध्या एम.एस्सी.चं डिझर्टेशन (संशोधन प्रकल्प) त्यांच्याकडेच चालू आहे. रात्री साडेनऊला मी तिला आणायला गेटवर जातो. त्या अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपखाली काय बघत बसते कोण जाणे. तिला कसं समजवावं?
– एक वडील, दांडिया बाजार

उत्तर: नमस्कार. तक्ता पाहिला, मेहनतीने केलाय. पण अकरा परक्या माणसांबद्दल तुम्हाला जेवढं ठाऊक आहे, तेवढं स्वतःच्या मुलीच्या कामाबद्दल पत्रात कुठेच नाही. ‘काय बघत बसते कोण जाणे’ हे वाक्य मला फार लागलं. रोज रात्री गेटवर उभे राहता, म्हणजे जीव किती आहे ते दिसतंच. मग घरी येताना स्कूटरवर एकदा तरी विचारा ना, आज काय दिसलं म्हणून.

ती खोली अंधारी असते कारण पेशीतल्या एकेका भागाला चमकणारा रंग लावलेला असतो. त्याची चमक इतकी मंद, की उजेडात दिसत नाही. आणि प्रकाशाचा मारा होत राहिला की तीही विझत जाते. एक धड फोटो मिळवायला अख्खी संध्याकाळ जाते. एम.एस्सी.लाच जी मुलगी एवढा वेळ तिथे टिकून बसते, तिला आपलं काम सापडलंय असं मला वाटतं. शिवाय त्या मॅडमना तिने रोज जवळून पाहिलंय, तुम्ही फक्त स्क्रीनवर. ‘हट्ट’ हा शब्द कृपा करून मागे घ्या.

आता एच-इंडेक्स. ९ म्हणजे प्रत्येकी किमान ९ वेळा उद्धृत झालेले ९ पेपर. हा आकडा २००५ साली हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. तो वयाबरोबर वाढतो, कमी कधीच होत नाही. म्हणून साठीतल्या सरांचे ३४ आणि पस्तिशीतल्या बाईंचे ९ शेजारी मांडणं म्हणजे आजोबांची आणि नातवाची उंची मोजणं. वीस जणांच्या पेपरचं श्रेय विसांनाही सारखंच मिळतं. पद्धत सांगणारे पेपर तर भरमसाट उद्धृत होतात: प्रथिनं मोजण्याची लोरींची १९५१ची पद्धत ३ लाखांहून जास्त वेळा. त्यातून पेपर शोधायच्या साइट्सपैकी तुम्ही काही आकडे गूगल स्कॉलरवरून घेतलेत, काही स्कोपसवरून. एकाच माणसाचे आकडे या दोन ठिकाणी वेगळे येतात, तेव्हा तुमचा क्रमच मुळात चुकलाय.

जपानी पेशीशास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींनी १९८८ साली, त्रेचाळिसाव्या वर्षी, स्वतःची छोटी लॅब सुरू केली आणि उपाशी ठेवलेल्या यीस्टच्या पेशी मायक्रोस्कोपखाली बघत बसले. पेशी स्वतःचेच भाग कसे पचवते, ते त्यांना तिथे दिसलं. त्यामागची जनुकं सांगणारा त्यांचा १९९३चा पेपर ‘फेब्स लेटर्स’ या साध्या जर्नलमध्ये आला. २०१६ला नोबेल मिळालं. त्या लॅबच्या पहिल्या विद्यार्थ्यांचे वडील तक्ता घेऊन बसले असते तर?

आणि तुमचे पहिल्या नंबरचे सर? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांप्रमाणे निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्या प्राध्यापकांना पीएच.डी.चा नवा विद्यार्थी घेताच येत नाही. ज्यांच्यासाठी घरात महिनाभर वाद चालू आहे, ते तिला घेऊच शकत नाहीत.

सीएसआयआर-नेट आणि गेट या राष्ट्रीय परीक्षा तिने द्याव्यातच. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात आणि गाइडही स्वतः निवडता येतो.

पेपर बघायचेच असतील तर नावांचा क्रम बघा. आपल्या या शाखेत शेवटचं नाव सहसा लॅबप्रमुखाचं असतं आणि पहिलं, ज्याने प्रत्यक्ष प्रयोग केले त्याचं. गेल्या पाच वर्षांतले, मॅडमचं नाव शेवटी असलेले पेपर काढा. पहिलं नाव त्यांच्या विद्यार्थ्याचं आहे का? तो आता कुठे आहे? बाकी चौकशी तिने लॅबमधल्या मुलामुलींकडे करावी, चहाच्या टपरीवर, मॅडम समोर नसताना: थीसिसला किती वर्षं लागली, मध्येच सोडून कोण गेलं आणि का, प्रयोग फसला की मॅडम कशा वागतात.

त्या वेळी तुम्ही गेटवरच थांबा. तक्ता तिच्या हातात द्या, एच-इंडेक्सचा रकाना काढून टाका आणि हे नवे रकाने तिला भरू द्या.