माळ्यावरचं पुरणयंत्र आणि कुकरमधला केक

सांगलीत अठ्ठावीस वर्षं खानावळ चालवली, त्यामुळे भांड्यांशी माझं नातं जुनं. या वेळी आलेल्या पत्रांत बहुतेकांनी एकच विचारलंय: एका कामाचं भांडं दुसऱ्या कामाला घेतलं तर चालेल का? त्यातली चार पत्रं इथे घेते.

प्रश्न : घरी ओव्हन नाही. प्रेशर कुकरमध्ये वाळू घालून केक होतो म्हणतात. कुकर खराब होईल का? (एक वाचक, लातूर)

केक उत्तम होतो, पण रोजचा कुकर त्यासाठी घेऊ नका. कुकर पाण्याच्या वाफेवर चालायला बनवलेला आहे. रिंग आणि शिट्टी काढायची हे सगळ्यांना ठाऊक असतं, झाकणातला सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र लक्षात राहत नाही. आतलं पाणी संपून कुकर फार तापला तर वितळून वाट मोकळी करून द्यावी, यासाठीच त्यात मऊ धातू असतो. कोरड्या आचेवर पाऊण तास ठेवल्यावर तो शाबूत राहील याचा भरवसा नाही. दुसऱ्या दिवशी त्याच कुकरात तुम्ही डाळ लावणार!

त्यापेक्षा जुनी, जाड लोखंडी कढई घ्या. वाळू चाळून, धुऊन, कडक उन्हात वाळवा आणि कढईत दोन बोटं जाडीचा थर द्या. वाळू नसेल तर जाडं मीठ चालतं. त्यावर एक स्टीलची वाटी उपडी ठेवा. घट्ट झाकण घालून दहा मिनिटं तापू द्या, मग केकचं भांडं वाटीवर ठेवून आच अगदी मंद करा. पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. पहिली तीस मिनिटं झाकण उघडायचं नाही, नाहीतर केक मध्ये बसतो.

आमच्याकडे चुरमुऱ्यांच्या भट्टीवर हेच चालतं. तापलेल्या वाळूत तांदूळ पडला की क्षणात फुलतो, करपत नाही, कारण वाळू त्याला चहूबाजूंनी सारखी आच देते. लहानपणी भट्टीसमोर उभी राहून मी ते तासन् तास बघितलंय. भडभुंज्यांची ही विद्या केकला लागू पडते याचा मला फार आनंद वाटतो. काम झाल्यावर ती वाळू किंवा मीठ गार करून बरणीत भरा, वर चिठ्ठी चिकटवा आणि पुढच्या केकला तेच वापरा. ते मीठ आमटीत जाता कामा नये.

प्रश्न : सासूबाईंचं पुरणयंत्र होळी सोडली तर वर्षभर माळ्यावर असतं. देऊन टाकू का? (एक वाचक, ठाणे)

देऊ नका हो ताई, खाली काढा. खानावळीत माझं पुरणयंत्र रोज ओट्यावर असायचं. भिजवलेली चिंच त्यातून फिरवली की चिंचोके आणि दोरे वर राहतात, खाली दाट कोळ उतरतो. उकडलेले टोमॅटो घातले तर सालं वर. रायवळ आंब्याचा रसही यातूनच काढायचा, कारण मिक्सरमध्ये त्याच्या केसरांचे बारीक तुकडे होऊन ते रसातच राहतात. शंभर बटाटेवड्यांचा बटाटा मी यातून काढत असे, एक गुठळी सापडायची नाही. घरात दात नसलेलं कुणी असेल, अगदी तान्हं किंवा अगदी म्हातारं, तर त्यांची मऊ खिचडी यातून काढून बघा.

एकच पाहा, यंत्र स्टीलचं हवं. ॲल्युमिनियमचं असेल तर त्यात चिंच, टोमॅटो, आंबा घालू नका. आंबटाने तो धातू अन्नात उतरतो.

प्रश्न : शेतातल्या औषधाचे मोठे प्लॅस्टिकचे डबे रिकामे आहेत. सोड्याने धुऊन त्यात गहू भरू का? (एक वाचक, पंढरपूर तालुका)

नाही. दादा, कितीही वेळा धुतले तरी नाही. ते विष प्लॅस्टिकमध्ये मुरतं, वास गेला तरी ते जात नाही. गहू नको, पाणी नको, जनावरांची पेंडही नको. डबा तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता आणि डब्याला भोकं पाडा, म्हणजे दुसरं कुणी तो उचलून घरी नेणार नाही. गव्हाला पत्र्याची कोठी आणि सुकवलेला कडुनिंबाचा पाला पुरे.

माझ्या घरात एक नियम आहे: ओट्यावरून बाहेरच्या कामाला गेलेली वस्तू परत ओट्यावर येत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर आमच्या भिंतींवर कमरेएवढा चिखल वाळून बसला होता. तो खरवडायला मी खानावळीतली सहा मोठी उलथनी काढली. खोऱ्यापेक्षा तीच बरी पडली, कोपऱ्यात नीट जात होती. स्टीलचीच होती, उकळून घेतली असती तर चालली असती असं शेजारणी म्हणाल्या. मी त्यांच्या दांड्यांना लाल रंग लावला. आज ती परसात कुंड्यांची माती उकरतात.

प्रश्न : फ्लॅटमध्ये पाटा-वरवंट्याला जागा नाही. काय करावं? (एक वाचक, पिंपरी)

पाटा गॅलरीत ठेवा, त्याच्यावर कुंड्या छान बसतात. पुढेमागे वाटायला घ्यावासा वाटला तर घासून स्वच्छ करा आणि छिन्नीने टाकी लावून घ्या. माझ्या नियमाला ही एक सूट, कारण टाकी लागली की वरचा थर निघून दगड नवा होतो.

वरवंटा मात्र बाहेर ठेवू नका. पोह्यांबरोबरची मिरची, आलं-लसूण ओट्यावरच त्याने ठेचता येतं. आणि घरात बारसं निघालं की त्याला धुऊन, तेल लावून, झबलं-कुंची घालून बाळाआधी पाळण्याखालून-वरून द्यायचा असतो, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत. माझ्या नातीच्या बारशाला अख्ख्या सोसायटीत वरवंटा मिळाला नाही. शेवटी मी सांगलीहून एसटीने मांडीवर घेऊन गेले.