नातवाचा जोडीदार

बाई, सप्रेम नमस्कार. मी ६९ वर्षांचा, सदाशिव पेठेत राहतो. बँकेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. मुलगा-सून न्यू जर्सीला असतात. सप्टेंबरात सहा महिन्यांसाठी तिकडे चाललो आहे. नातू पहिलीत गेलाय आणि त्याला तिथल्या स्काऊटमध्ये ‘टायगर’ म्हणून घातलंय. त्यात म्हणे प्रत्येक मुलाबरोबर एक मोठं माणूस लागतं, ‘अडल्ट पार्टनर’. मुलगा-सून दोघंही नोकरीत बुडालेले. मुलगा म्हणतो, ‘बाबा, तुम्हीच व्हा.’ माझं इंग्रजी कामापुरतं, गुडघे दुखतात, आणि तंबूत मी आयुष्यात झोपलेलो नाही. हो म्हणू का? तिकडच्या तरुण आईबापांत मी शोभेन का?
— एक आजोबा, सदाशिव पेठ

आजोबा, हो म्हणा. आणि मुलाला आजच कळवून टाका, म्हणजे तो दुसरी सोय बघत बसणार नाही.

मी एका प्राथमिक शाळेत २६ वर्षं कब पथक, म्हणजे स्काऊटमधल्या लहान मुलांचं पथक, चालवलं. शिवाय माझी बहीण तिकडे असते. तिच्या नातवाच्या टायगरच्या बैठकांना मी दोन महिने जाऊन बसले आहे. त्यामुळे दोन्हीकडचं थोडं सांगू शकते.

अमेरिकेत टायगर सुरू झाले १९८२ साली. त्याआधी तिकडे कब व्हायला मूल आठ वर्षांचं असावं लागे. त्याहून लहान पोरांना घ्यायचं ठरलं तेव्हाच त्यांनी ठरवलं की मूल एकटं येणार नाही, जोडीनं येणार. आईबापच हवेत असंही नाही. आजी, आजोबा, मामा, काकू, घरचं विश्वासाचं कुणीही सज्ञान माणूस चालतं. सहा-आठ जोड्यांचा एक गट असतो, त्याला ‘डेन’ म्हणतात, म्हणजे गुहा. अशा गटांचं मिळून पॅक. पूर्वी तिथे फक्त मुलगे असत, २०१८पासून मुलीही आहेत. त्या संस्थेचं बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका हे नावही आता बदलून स्काउटिंग अमेरिका झालंय, तेव्हा फॉर्मवर नवं नाव दिसलं तर गोंधळू नका.

हा ‘एकास एक’ जोडीचा नियम मला किती मोलाचा वाटतो ते सांगते. १९९४ साली आम्ही तळजाईच्या टेकडीवर सहल नेली होती. ३१ मुलं, आम्ही दोघी बायका. वरच्या सपाटीवर खाऊ वाटला, मोजणी केली तर ३०. पुन्हा मोजली, ३०च. मी त्या मुलाचं नाव घेऊन ओरडत गिरिपुष्पाच्या झाडांतून फिरत होते आणि पाय लटपटत होते. वीस मिनिटांनी तो सापडला, हाकेच्या अंतरावर. एका बुंध्याशी उकिडवा बसून मुंगळ्यांची रांग बघत होता. माझ्या हाका त्यानं ऐकल्या होत्या, पण ओरडा बसेल या भीतीनं ओ दिली नाही. चूक त्याची नव्हती. दोघींत ३१ मुलं होती आणि दोघींनाही वाटत होतं की तो दुसरीकडे आहे.

त्यानंतर मी मुख्याध्यापकांकडे हट्ट धरला की महिन्याच्या पहिल्या रविवारी पहिली-दुसरीच्या प्रत्येक मुलाबरोबर घरचं एक माणूस आलं पाहिजे. अमेरिकेत असं काही असतं हे तेव्हा मला ठाऊकही नव्हतं.

आता तुमचा खरा प्रश्न, शोभेन का. आमच्या त्या रविवारांना एक आजी यायच्या. मंडईत भाजीचा गाळा, नऊवारी लुगडं, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. बाकीचे बहुतेक शर्ट-पँटवाले बाबा. एका रविवारी मी ‘रीफ नॉट’ ही गाठ शिकवत होते. दोरीचं उजवं टोक डाव्यावरून घेऊन खाली, मग डावं उजव्यावरून. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं की गाठ तिरकी बसते आणि ताण आला की सुटते. पोरांकडून तेच होत होतं. बाबा लोकांनी एकेक करून दोऱ्या आपल्या हातात घेतल्या, झटपट गाठी मारल्या आणि पोरांना परत दिल्या. पोरं तोवर चिमण्या बघत होती.

या आजींनी जन्मभर गाठोडी बांधलेली, त्यांना ती गाठ झोपेतही आली असती. पण त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि नातवाच्या बोटांकडे बघत राहिल्या. गाठ सुटली. “सुटली व्हय? मग दुसरं टोक कुठनं गेलं हुतं?” त्यानं पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. “आता कुठनं गेलं?” चौथ्या खेपेला पोरगा स्वतःच म्हणाला, “आज्जे, या बारीला डावं वर पायजे.” आणि गाठ बसली, चपटी, घट्ट. त्यानं दोन्ही हातांनी ओढून बघितली. मग आजींनी हात पदराबाहेर काढले आणि म्हणाल्या, “आता मला शिकीव.”

तुम्हाला नेमकं एवढंच करायचं आहे, आजोबा. त्याच्या शेजारी जमिनीवर (गुडघ्यांमुळे खुर्चीवर) बसायचं, डोळे त्याच्या हातांवर, स्वतःचे हात मागे. तो अडला की प्रश्न विचारायचा, उत्तर द्यायचं नाही. जमलं की त्याच्याकडून शिकायचं. याला इंग्रजी लागत नाही. नातवाशी मराठीतच बोला. तरुण आईबापांना हे अवघड जातं, कारण त्यांना साडेसातला घरी पोचायचं असतं. तुमच्यापाशी वेळ आहे.

काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. तिथे कुणी हस्तांदोलनाला डावा हात पुढे केला तर अपमान समजू नका. जगभरचे स्काऊट डाव्या हातानंच हात मिळवतात, आपल्याकडचेही. प्रमुखानं दोन बोटं उभी करून हात उंचावला की सगळ्यांनी गप्प व्हायचं. ती लांडग्याचे टवकारलेले कान आहेत. तुम्हीही बोटं वर करा, गप्पा चालू ठेवू नका. गटाचा खाऊ न्यायची पाळी आली तर दाण्याचे लाडू, चिक्की, दाण्याचं कूट घातलेलं काहीही नेण्याआधी विचारा. शेंगदाण्याची जबर अ‍ॅलर्जी असलेली मुलं तिकडे प्रत्येक शाळेत भेटतात, आणि ती जिवावरची गोष्ट असते. चुरमुऱ्यांचे लाडू न्या. नातवाला वळायला बसवा, पाक जरा निवल्यावर, हाताला पाणी लावून. वाकडेतिकडे होतील, तसेच न्या.

भटकंतीला जाताना प्रत्येक मुलाकडे सहा वस्तू असाव्या लागतात: प्रथमोपचाराची छोटी पेटी, भरलेली पाण्याची बाटली, विजेरी, खाऊ, उन्हापासून बचावाचं काही आणि शिट्टी. पिशवी त्याला भरू द्या आणि त्याच्याच पाठीवर राहू द्या. त्यातली शिट्टी सर्वांत महत्त्वाची. चुकलास तर आहेस तिथेच थांब, तीन वेळा फुंक, आणि कुणी हाक मारली तर ओ दे, कुणीही रागावणार नाही. हे शेवटचं वाक्य त्याला निघण्याआधी दर वेळी सांगा. तळजाईवर मी ते सांगितलं नव्हतं.

तंबूची काळजी आत्ता करू नका. टायगरच्या बऱ्याचशा गोष्टी संध्याकाळच्या बैठकीत आणि दिवसाच्या फेरफटक्यात उरकतात. मुक्काम असलाच, तर रात्री राहणाऱ्या मोठ्या माणसांना तिथे रीतसर नोंदणी आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण लागतं. तुम्ही पाहुणे म्हणून जाताय, तेव्हा मुलाला पॅकच्या प्रमुखांशी आधीच बोलून ठेवायला सांगा. नाहीतर ती एक रात्र मुलानं रजा काढावी. वर्षातून एका रात्रीसाठी बापाला तेवढं जमायला हवं.

आणखी एक. तिथे तुमच्या कानावर ‘अकेला’ हा शब्द पडेल, जरा वेगळ्या उच्चारात. १९१६ साली बेडन-पॉवेल यांनी लहान मुलांसाठी कब काढले, तेव्हा मोगली आणि लांडग्यांच्या टोळीची गोष्ट त्यांनी रुडयार्ड किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधून घेतली. त्या टोळीचा म्होरक्या अकेला. गोष्टीतलं जंगल म्हणजे मध्य प्रदेशातलं आपलं सिवनी, नागपूरहून जबलपूरच्या वाटेवर लागतं ते. नातवाला हे नकाशात दाखवा. अमेरिकेतल्या कबच्या भाषेत मुलाला वाट दाखवणारं कुठलंही मोठं माणूस म्हणजे अकेला, म्हणजे तुम्हीसुद्धा.

सप्टेंबरला अजून वेळ आहे. रोज सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्यांपैकी गुडघे म्हणतील तेवढ्या चढा. आणि वाड्यातलं नाहीतर सोसायटीतलं एखादं सहा वर्षांचं मूल, त्याच्या आईला विचारून, रविवारी सारसबागेत घेऊन जा. त्याच्या बुटाची नाडी सुटेल. ती बांधायला वाकू नका, त्याची त्याला बांधू द्या. तेवढी तयारी पुरे.

*

बाई, माझी मुलगी पहिलीत आहे. आम्ही धायरीला राहतो. भावाच्या मुलाचं अमेरिकेतलं हे टायगर ऐकल्यापासून मलाही तिच्याबरोबर असं काही करावंसं वाटतंय. पुण्यात आहे का?
— एक आई, धायरी

जोडीनं नाही, पण त्या वयाचं आहे. भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये (७ नोव्हेंबर १९५० रोजी आपल्याकडच्या संघटना एकत्र येऊन ही संस्था झाली) पाच ते दहा वर्षांचे मुलगे कब होतात आणि मुली बुलबुल. पथकं बहुतेक शाळांतूनच चालतात, प्रशिक्षण घेतलेल्या बाई किंवा सर ती चालवतात. बुलबुलच्या पायऱ्यांची नावं मला फार आवडतात: कोमल पंख, रजत पंख, स्वर्ण पंख, हीरक पंख. शाळेत पथक नसेल तर मुख्याध्यापिकांना जाऊन भेटा, एकट्या नको, चार-पाच आया मिळून. पथक नसण्याचं कारण बहुधा एकच असतं, जबाबदारी घ्यायला कुणी शिक्षिका मोकळी नसते. ‘दर शनिवारी आमच्यातली एकजण मदतीला येईल’ हे वाक्य तुमच्या अर्जात असू द्या. माझ्या शाळेत पालकांनी असं लेखी दिलं तेव्हाच पथकाला हक्काची तासिका मिळाली.

तोवर थांबू नका. टायगरमधली मला सर्वांत पटलेली रीत ही की प्रत्येक जोडी आळीपाळीनं एक बैठक ठरवते, त्या मुलाला विचारून. पाच मुली, पाच मोठी माणसं जमवा. एका रविवारी तुमच्या लेकीला विचारा, कुठे जायचं? ती कदाचित अग्निशमन केंद्र म्हणेल, कदाचित कात्रजचं प्राणिसंग्रहालय, कदाचित वेताळ टेकडीवरची जुनी दगडाची खाण. खाणीत साठलेलं पाणी बघायला आवडतं मुलांना, पण खाणीच्या काठापासून लांब आणि प्रत्येकीचा हात कुणाच्या तरी हातात. टेकडीवर सकाळी सातच्या आत पोचलात तर मोर ओरडताना ऐकू येतात, आणि लालबुड्या बुलबुल तर झुडपाझुडपांत असतो. शेपटीखालचा लाल ठिपका तिचा तिला सापडू द्या. तुम्हाला आधी दिसला तरी बोट दाखवू नका.

*

बाई, पालक-मुलांच्या सहलीत मी फोटो काढत राहतो म्हणून बायको चिडते. आठवणी नकोत का?
— एक बाबा, बिबवेवाडी

हव्यात. शेवटी एक काढा, आणि तो तुमच्या मुलाला काढू द्या. मधल्या वेळात फोन पिशवीच्या तळाशी ठेवा. तुम्हाला त्याच्या बोटांकडे बघायचं आहे.