तुमचे प्रश्न : मध-सिरक्याची बरणी

प्रश्न : खोकल्यासाठी तुळस, आलं, मध आणि व्हिनेगर बरणीत मुरत ठेवलं. आठवड्याने वर फेस आला, झाकण आतून काळं पडलं. गाळून वापरू का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : नका वापरू. मध महाग, टाकताना जिवावर येतं, तरी ओतून द्या. झाकण काळं पडलं ते सिरक्याने, म्हणजे व्हिनेगरने, पत्रा खाल्ला म्हणून. फेस मात्र पाण्याचा. चांगल्या मधात पाणी पाचव्या हिश्श्याहून कमी असतं, म्हणून तो टिकतो. ओली पानं पडली की तो पातळ होतो आणि आंबू लागतो. सिरका भरपूर असता तर त्याने हे थोपवलं असतं.

माझी पहिली बरणी अशीच गेली. परळच्या खोलीत, ऐन जुलैत, धुतलेली तुळस पंचाने टिपून लगेच घातली होती. सहाव्या दिवशी दादरा सोडला तर ताडीसारखा वास! आता पानं जुन्या सुती साडीवर पंख्याखाली दोन-दोन दिवस पसरते. बोटांत धरल्यावर पान दुमडलं तर थांबायचं, चुरचुरलं तर झालं. आलं मुंबईच्या पावसाळ्यात वाळत नाही, तेव्हा सुंठ ठेचून घालते.

काचेची कोरडी बरणी पाव भरेल एवढी पानं आणि सुंठ घ्या. आधी सिरका ओता, मग तेवढाच मध. मध थेट तळाशी जाऊन बसतो आणि पानं वर तरंगतात. लाकडी चमच्याने तळापासून ढवळत राहा, धार एकसारखी होईपर्यंत. पानं बुडालीच पाहिजेत, वर राहिलेल्या एका पानावरूनही बुरशी सुरू होते. झाकण प्लॅस्टिकचं लावा. तांब्या-पितळेचं भांडं नको, आंबट कळकतं. आजीची तडे गेलेली चिनी मातीची बरणीही नको, जुन्या झिलईत शिसं असू शकतं. रोज एकदा हलवा, तीन आठवड्यांनी मलमलच्या फडक्यातून गाळा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

सिरका घेताना बाटली फिरवून वाचा. ‘सिंथेटिक’ असेल तर परत ठेवा, ते पाण्यात कालवलेलं ॲसिटिक ॲसिड असतं. आम्लता ५ टक्के हवी. ॲपलचाच हवा असा हट्ट नको. पारशी स्वयंपाकातला उसाचा सिरका मला जास्त आवडतो, त्याला गुळाची चव असते. हा प्रकार परकाही नाही. युनानीतलं सिकंजबीन म्हणजे हेच, फारसीत सिरका अधिक अंगबीन, म्हणजे मध. ते शिजवतात. चरकाने मध तापवू नये म्हटलंय आणि आपल्या घरांतही तेच पाळतात, म्हणून मी कच्चंच मुरवते, कोमट पाण्यातूनच घेते.

याने घसा निवतो, ढास थोडी कमी होते. त्यापुढचं काही मी सांगणार नाही. तुम्हाला खोकला किती दिवस आहे ते लिहिलं नाहीत. दोन आठवडे उलटले असतील तर बरणी बाजूला ठेवा आणि महापालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, पैसे पडत नाहीत.

प्रश्न : नात दहा महिन्यांची आहे. थेंबभर मध चाटवला तर चालेल ना?
— एक आजी, बोरिवली

उत्तर : आजी, थेंबसुद्धा नको. गुटी मधातच उगाळून द्यायची ही आपली जुनी रीत, माझ्या मुलीलाही दिली गेली आणि तिला काही झालं नाही. पण मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या रुजतात आणि मग बाळ लुळं पडतं, श्वासही अडकू शकतो. उकळून किंवा सिरका घालूनही ते मरत नाहीत. वाढदिवस होऊ द्या.

प्रश्न : मला मधुमेह आहे. सिरक्याने साखर उतरते म्हणतात, रोज घेऊ?
— एक वाचक, दादर

उत्तर : या बरणीत निम्मा मध आहे हे विसरू नका. चहाच्या चमचाभर मधात साधारण ६ ग्रॅम साखर असते. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, लघवी वाढवणारं औषध असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. इतरांनीही नुसतं घेऊ नये, दातांचं आवरण झिजतं. पेलाभर पाण्यात एक चमचा, वर साधी चूळ. ब्रश लगेच करू नका, अर्धा तास जाऊ द्या.